पिवळ्या दोऱ्याची चिठ्ठी

...तर चिठ्ठी उशीच्या अभ्र्यात पडली, व्हॅनचं दार धाडकन लागलं, व्हॅन फाटकाबाहेर वळली, आणि तेव्हा कुठे घडीबाईचं लक्ष आपल्या दातांकडे गेलं. पुढच्या दोन दातांच्या फटीत काहीतरी सलत होतं. तिने चिमटीत धरून ओढलं. दोऱ्याचं टोक. पिवळं.

 भिंतीला हात टेकून ती उभी राहिली.

आता बोटभर पिवळ्या दोऱ्याला एवढं काय भ्यायचं, असं ज्यांनी मोठी लाँड्री आतून पाहिली नाही ते विचारणारच. ही लाँड्री म्हणजे कपडे टाकायचं कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे ढिगांनी येत आणि गठ्ठ्यांनी जात. सगळ्या चादरी पांढऱ्या, सगळ्या एका मापाच्या, एकीला झाका आणि दुसरीला काढा. मग एखाद्या गठ्ठ्यात डाग निघाला, घडी वाकडी निघाली, तर तो कोणाच्या हातचा हे कळायचं कसं? म्हणून तिथला रिवाज असा, की वीस चादरींचा गठ्ठा रचून झाला की घडी घालणारीने वरच्या चादरीच्या कोपऱ्याला आपल्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका मारायचा. कोणाचा लाल, कोणाचा जांभळा, कोणाचा करडा. घडीबाईचा पिवळा. सुई तिच्या खांद्यावर बिल्ल्यासारखी कायमची टोचलेली असे. आणि टाका मारायची तिची एक लकब होती. दोन वेढे, एक गाठ, आणि दोरा दाताने तोडायचा. कात्री शोधायला वेळ कोणाला आहे? अशी अकरा वर्षं, दिवसाला चाळीस-पन्नास गठ्ठे. गुणाकार ज्याचा त्याने करावा. तिचे हात त्या कामाला इतके सरावले होते, की डोक्याला विचारायलाही थांबत नसत.

आणि त्या गुरुवारी दुपारी त्या हातांनी डोक्याला न विचारता काय करून ठेवलं? ज्या चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, ओळखू येईल अशी खूण करायची नाही, असं दहादा बजावून सांगितलं होतं, त्या चिठ्ठीच्या चार घड्या घालून नीट चौकोन केला आणि कोपऱ्याला टाका मारला. दोन वेढे, एक गाठ.

"अगं, चल की! चहाची घंटा होऊन गेली," मागून तिची जोडीदारीण ओरडली. तिला सगळ्या टपाल म्हणत.

"आले," घडीबाई म्हणाली. 

चिठ्ठी होती युनियनची. मालकाच्या तीन लाँड्र्या, शहराच्या तीन टोकांना, आणि तिन्हीकडे फिरणारा माणूस एकच, तो व्हॅनवाला. पांढऱ्या मिशा, हळू बोलणं, आणि डोक्यात एकच किडा, की या बायकांची युनियन झाली पाहिजे. त्याने युक्ती काढली ती साधी होती. प्रत्येकीने चिटोऱ्यावर 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं आणि गठ्ठे व्हॅनमध्ये चढवताना मागच्या कोपऱ्यातल्या एका अभ्र्यात टाकायचं. निम्म्याहून जास्त 'हो' निघाले तर मग रीतसर अर्ज, सह्या, वर्गणी. तोवर कोण कुठल्या बाजूचं हे देवालासुद्धा कळता कामा नये. बायकांना ते पटलं. देवाला कळलं तर चालेल, मुकादमाला कळू नये, एवढीच त्यांची अट होती.

घडीबाई हे नाव काही आई-बापांनी ठेवलेलं नव्हतं. ते तिने कमावलं होतं. हातात येईल त्याची ती घडी घालायची. बसचं तिकीट, पिशवी, शेजारणीने उसनं दिलेलं वर्तमानपत्र. एकदा डॉक्टरांची औषधाची चिठ्ठी तिने सोळा घड्यांची करून औषधवाल्यासमोर ठेवली, तर तो बिचारा ती उलगडत बसला आणि मागे रांग लागली. शेवटी मागचा एक जण म्हणाला, "अहो, तोवर माझा खोकला बरा झाला!" तेव्हापासून ती चिठ्ठ्या चारच घड्यांच्या करते. म्हणजे सुधारणा झालीच नाही असं नाही.

त्या डॉक्टरांकडे जायचं कारण पाय. पोटऱ्यांवर निळ्या शिरा गांडुळांसारख्या वर आल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता, बाई?"

"उभी राहते."

"ते झालं. पण काम?"

"तेच काम, डॉक्टर. मधूनमधून चादरी येतात."

डॉक्टर हसले, मग शिरा दाबून बघितल्या आणि हसायचे थांबले. "बसून करायचं काम बघा," म्हणाले. "नाहीतर वर्षभरात हे पाय तुम्हाला कामावर जाऊ देणार नाहीत. औषध मी देतो, पण औषधापेक्षा खुर्ची बरी."

आता गंमत बघा, लाँड्रीत खुर्च्या दोनच. एक मुकादमाची आणि एक तपासणीच्या टेबलाची. ते टेबल खिडकीपाशी, रोलरच्या वाफेपासून लांब. तिथली तपासणीबाई या महिनाअखेरीला कायमची घरी बसणार होती. मुकादमाने गेल्याच पंधरवड्यात घडीबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पहिल्या तारखेपासून ती खुर्ची तुमची. कुठे बोलू नका. कंपनी आपल्या माणसांना विसरत नाही." पहिली तारीख आता आठ दिवसांवर आली होती. आणि पिवळा टाका घातलेली, आत ठळक अक्षरात 'हो' लिहिलेली चिठ्ठी व्हॅनमध्ये बसून शहरात फिरत होती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा रंगारी. घरांच्या भिंती रंगवून रंगवून त्याच्या नखांत बारा महिने कुठला ना कुठला रंग असायचा. माणूस थट्टेखोर, पण त्या दिवशी हातातला घास हातातच राहिला.

"टाका मारलास? चिठ्ठीला?"

"हाताने मारला."

"हात कोणाचा?"

"आता उलटतपासणी घेऊ नका."

घास ताटात परत ठेवून तो म्हणाला, "वर्गणीचं मला काही नाही. ती मी तंबाखू सोडून भरीन. सोडायची आहेच दहा वर्षांपासून. पण खुर्ची गेली तर? या तीन जिन्यांवरून तुला मी उचलून आणणार आहे का? माझे गुडघे काय तुझ्या पायांपेक्षा तरणे आहेत?"

"आणि ते नुसती खुर्चीच घेतील असं कुठे आहे? कामावरूनही काढतील."

"मग 'हो' लिहिलंस कशाला?"

घडीबाईने ताट उचललं आणि नळाखाली धरलं. "लिहिलं," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी फाटकातून व्हॅन आत आली ती वेगळ्याच वेगाने. दार उघडून उतरला तो दुसराच ड्रायव्हर. 

सकाळी ती आणि टपाल रोलरवर असत. रोलर म्हणजे दोन खाटा जोडाव्यात एवढं लांब, वाफेने तापलेलं लोखंडी लाटणंच म्हणा ना. ओली चादर पुढून घालायची, मागून ती वाळून, कडक होऊन बाहेर येते. चादरीची एक बाजू हिने धरायची, दुसरी तिने, ताणून एकदम आत सोडायची. अकरा वर्षं या दोघी एका चादरीच्या दोन टोकांना उभ्या होत्या. नवऱ्याबरोबर झाल्या नसतील एवढ्या गप्पा चादरीवरून झाल्या असतील. टपाल हे नाव का पडलं ते वेगळं सांगायला नको. बातमी तिच्या पोटात जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नसे.

"व्हॅनवाल्याच्या बायकोला बरं नाही म्हणे," टपाल म्हणाली.

दहा चादरी गेल्या.

"बायको ठीक आहे म्हणे. सासू घसरून पडली."

आणखी वीस-पंचवीस गेल्या. मधे टपाल पाणी पिऊन आली, तोवर बातमी पुन्हा बदलली होती. "सासू वारून सहा वर्षं झाली म्हणे. त्याला साहेबांनीच घरी बसवलंय."

घडीबाईच्या हातातून चादरीचं टोक सुटलं.

"अगं बघ की! भाजशील!" टपाल ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू घाबरू नकोस. चिठ्ठ्यांवर नाव कुठे आहे? कोणाला काय कळणार? आणि तू काय लिहिलंस ते मी विचारत नाही हं. गुप्त म्हणजे गुप्त." थोडं थांबून, "मी 'हो' लिहिलं."

घडीबाई तिच्याकडे बघत राहिली. टपालच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं पेरापासून चपटी, नखं नसलेली. चादर धरताना ती बोटं बाजूला उभी राहत, जशी ती तिची नव्हतीच. घडीबाईने नजर काढून घेतली. आज सांगून टाकावं, दोऱ्याचं आणि दुसरंही, असं ओठांपर्यंत आलं. पण टपालला सांगणं म्हणजे घंटा वाजवणं. आणि दुसरं जे सांगायचं होतं, ते टपालला माहीत होतंच. ते एकमेकींशी बोलायचं राहून गेलं होतं, एवढंच.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता थोरल्या भावाकडे गेली. दादा एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी होता. बसायला पत्र्याची चौकी, शिटी, आणि नोंदवही. पण मूळचा तो बाटल्यांच्या कारखान्यातला कारागीर, आणि युनियनचा माणूस. तिथे सात महिने संप चालला. सातव्या महिन्यात मालकाने कुलूप लावलं आणि ते पुन्हा उघडलंच नाही. घडीबाई तेव्हा सातवीत होती. त्या सात महिन्यांत घरात काय शिजायचं यापेक्षा काय शिजायचं नाही ते सांगणं सोपं. 'युनियन' हा शब्द कानावर पडला की आजही तिला आधी चुलीजवळ गुडघ्यांत डोकं घालून बसलेली आई दिसायची.

तिने सगळं सांगितलं. दादा ऐकत होता, मधेच एक ट्रक आला, उठून फाटक उघडलं, वहीत लिहिलं, परत येऊन बसला.

"मला एकच सांग, दादा. परवडतं का हे?"

"मला विचारू नकोस. मी हरलेला माणूस. हरलेल्याला विचारलं की तो एक तर म्हणतो, पाऊल टाकू नका, नाहीतर म्हणतो, सगळ्यांनी उड्या मारा, म्हणजे मी एकटा दिसणार नाही. दोन्ही खोटंच."

"तरी?"

दादाने शिटी हातात फिरवली. "नोकरी गेली, ते नाही परवडलं. तुझी शाळा सुटली, ते तर मुळीच नाही. ते माझ्या डोक्यावर आहे."

"मी कधी म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस म्हणून तर आहे. म्हटलं असतंस तर भांडून मोकळा झालो असतो." तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "आता दुसरी बाजू. जे चौघे संपात आले नाहीत, आतच राहिले, त्यांचं काय झालं? कुलूप लागलं तेव्हा तेही बाहेरच. त्यातला एक परवा भेटला. म्हणाला, मीही आलो असतो तर बरं झालं असतं. म्हटलं, काय बरं झालं असतं रे? आठवा महिना उपाशी काढला असता. म्हणजे बघ, त्यालाही कळलेलं नाही, मलाही कळलेलं नाही. या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे असा माणूस मला अजून भेटायचाय. तू का 'हो' लिहिलंस, ते आधी सांग."

नवऱ्याला जे सांगता आलं नव्हतं, ते इथे बाहेर पडलं. रोलरच्या तोंडाशी एक दांडी असते. हात आत ओढला गेला की दांडीला लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. पण चादर गोळा झाली तरी ती दांडी लागते, रोलर थांबतो, काम रेंगाळतं. म्हणून मुकादमाने फाटक्या चादरीच्या पट्टीने ती दांडी वर बांधून टाकली होती. गेल्या वर्षी टपालची बोटं आत गेली. दांडी वर बांधलेली. घडीबाई आपलं टोक टाकून लाल बटणाकडे धावली. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते झालं. पुढे रजिस्टरमध्ये मुकादमाने लिहिलं, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. खाली साक्षीदार म्हणून एक सही लागत होती.

"माझी," घडीबाई म्हणाली. "म्हणाले, नुसती रीत आहे, सही करा. मी वाचलं नाही असं नाही, दादा. मी वाचलं. सातवीपर्यंत शिकलेय मी, तेवढं वाचता येतं. वाचून सही केली. तिला तीन दिवसांची बिनपगारी सुट्टी आणि मलमाची ट्यूब मिळाली. आणि ती एकदासुद्धा मला बोलली नाही. ती, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही! दुनियेला सगळं सांगते, तेवढं सोडून."

"हं."

"युनियनची पहिली मागणी आहे, दांडी सोडा. मग मी 'नाही' कसं लिहू?"

दादा उठला. तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. फाटक सोडून येणं नियमात बसत नव्हतं, तरी आला. बस आली तेव्हा म्हणाला, "भीती वाटते का?"

"खूप."

"वाटणारच. मलाही सातही महिने वाटायची. लोकांना वाटायचं, हा शूर आहे. मी रोज सकाळी उलटी करून मग घोषणा द्यायला जायचो."

शनिवारी घडीबाईने जे केलं त्याला काय म्हणावं! दोऱ्यानेच आपला घात केला, तर दोराच बदलावा, असा विचार तिच्या डोक्यात रात्रभर घुमत राहिला होता. वाटलं, दोन दिवस पिवळा दिसलाच नाही तर लोक विसरतील कोणाचा होता तो. भंडारातून तिने पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं. दुपारी घड्या घातल्या आणि पांढऱ्या चादरींना पांढरे टाके मारले. झालं! तपासणीबाईला टाका दिसेचना. तिने एक गठ्ठा बाजूला ठेवला, दुसरा ठेवला, आणि चारच्या सुमाराला टेबलापासून दारापर्यंत बेवारस गठ्ठ्यांची भिंत उभी राहिली. तपासणीबाई चष्मा कपाळावर चढवून सगळ्यांसमोर ओरडली, "ही बिनआईची लेकरं कोणाची गं?"

बायका फिदीफिदी हसल्या. घडीबाईला पुढे यावं लागलं. खाली वाकून, सगळ्यांच्या देखत, चौदा गठ्ठ्यांना पुन्हा पिवळे टाके घालावे लागले. मुकादम दारात उभा राहून बघत होता. काही बोलला नाही. नेहमी बोलणारा माणूस गप्प राहिला की जास्त भीती वाटते.

रविवारी तिने घरातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या मोडून परत घातल्या. नवऱ्याच्या रंगाच्या फडक्यांच्यासुद्धा. तो म्हणाला, "अगं, त्या फडक्यांना काय स्वप्नात इस्त्री दिसणार आहे का?" ती हसली नाही, मग तोही जवळ बसून फडकी लावू लागला. त्याच्या घड्या वाकड्या होत होत्या. एरवी तिने त्या मोडल्या असत्या.

सोमवारी जेवणाची सुट्टी संपता संपता मुकादमाने हाक मारली. "घडीबाई, जरा तपासणीच्या टेबलापाशी या."

टपालने डबा बंद करता करता मान वर केली. "कशाला गं?"

"येते," घडीबाई म्हणाली. मधलं अंतर असेल पंचवीस पावलांचं. पण सतराचा पाढा म्हणताना मधेच जिभेची गाठ पडावी, तसं तिचं प्रत्येक पाऊल अडत होतं.

तपासणीबाई कुठेतरी पाठवलेली होती. मुकादम उभा होता. त्याने खुर्ची मागे ओढली. "बसा."

"नको. उभीच बरी आहे."

"बसा हो. तुमचीच आहे. बसून तर बघा."

ती बसली. आणि काय सांगावं, पायांना ते कळलं. पोटऱ्यांतली कळ हळूहळू खाली उतरून तळव्यांतून जमिनीत गेल्यासारखी गेली. खिडकीतून वारा येत होता. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि त्याचाच तिला राग आला.

मुकादमाने टेबलावर एक अभ्रा उपडा केला. चिठ्ठ्या पसरल्या.

"गुरुवारी संध्याकाळीच हॉस्पिटलमधून तक्रार आली," तो म्हणाला. "म्हणे उशीला अभ्रा घालायला गेलो तर आतून कागद निघाले. तुमचा तो व्हॅनवाला! अभ्रा लपवायला जागा कुठली निवडली, तर अभ्र्यांच्या ढिगाशेजारी. गेला बाकीच्यांबरोबर. नाकासमोर ठेवलेलं हरवावं ते याने." तो हसला. मग चिठ्ठ्या बोटाने सारख्या करत म्हणाला, "मी मोजल्या. एकतीस 'हो', नऊ 'नाही', आणि एकीने बदक काढलंय. तिचं मत काय ते देव जाणे. सगळी अक्षरं सारखीच वेडीवाकडी. ओळखायची कोणाची कोणाला? पण तक्रार आली की मी आधी काय बघतो? दोरा. सवय! म्हटलं सहज बघावं." त्याने चार घड्यांचा एक चौकोन वेगळा काढून तिच्यासमोर ठेवला. कोपऱ्यात पिवळा टाका.

रोलर सुरू झाल्याचा आवाज आला. सोमवारी धुणं दुप्पट येतं म्हणून तो दुपारीही चाले, पण टपालच्या समोर आज दुसरी कोणीतरी उभी होती. घडीबाईला मान न वळवताही ते कळलं, कारण चादर आत जाण्याचा ताल चुकत होता.

मुकादम वाकला, आवाज खाली आणला. "हे बघा घडीबाई, मी वाईट माणूस नाही. मीही पंधरा वर्षं त्या रोलरवर होतो. पण वरून साहेब म्हणतात, एक नाव द्या. एकच. मी दिलं नाही तर माझी खुर्ची जाईल. तुमचं नाव मला द्यायचं नाही. तुम्ही याआधीही कंपनीला सांभाळून घेतलंय, ते मी विसरलो नाही. म्हणून वाट काढतोय. तुम्ही एवढंच म्हणा, की हा दोरा मी मारलेला नाही, माझं रीळ टेबलावर पडलेलं असतं, कोणीही घेतं. मी मान डोलावीन, चिठ्ठी फाडीन, विषय संपला. आणि जमलं तर सांगा, हे सगळं तुमच्या कानात घालत कोण होतं. नाव नका घेऊ. नुसतं तिकडे बघा, मला कळेल." त्याने डोळ्यांनी रोलरकडे खूण केली.

घडीबाईने रोलरकडे बघितलं नाही. चिठ्ठीकडे बघितलं.  खुर्ची मऊ नव्हती, साधी लाकडी होती, तरी तिच्यावरून उठताना तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. ती उठली. पोटऱ्यांत कळ परत भरली. मुकादम वाट बघत होता. त्याच्याही कपाळावर घाम होता, हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मग ती जे बोलली ते रोलरपर्यंत ऐकू गेलं, आणि ते अक्षरशः असं. टपाल नंतर ते ज्याला त्याला सांगत सुटली, पण तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नाही:

"चिठ्ठी माझी आहे, मुकादम. टाका मीच मारलाय, आणि 'हो' पण मीच लिहिलंय. आवाज असा येतोय तो भीतीने येतोय, तिकडे लक्ष देऊ नका. बाकी कोणी काय लिहिलं ते मला विचारू नका, आणि कोणाकडे बघायलाही सांगू नका. खुर्चीचं काय करायचं, मला ठेवायचं की काढायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जे काय असेल ते आज सुट्टी व्हायच्या आत सांगा, कारण आणखी एक रात्र जागून काढायची माझ्यात ताकद नाही."